बीटा बांधवांचा पुसलेला फोन

१

सोमवारी दुपारी शुक्रवार पेठेतल्या ‘आरोही मोबाईल’ या दुकानात अनिलकुमार धावत आला. बेशुद्ध माणूस दवाखान्यात आणून ठेवावा तसा त्याने आपला फोन काउंटरवर ठेवला.

“मारलंस,” तो म्हणाला. “युवराज, मारलंस बे माझ्या फोनला!”

फोन तसा धडधाकट होता. चालू होता, चार्ज होता, नव्या काचेमुळे चकाकतही होता. पण पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘नमस्कार’ लिहिलं होतं आणि खाली तो अदबीने विचारत होता, आपली भाषा निवडा. म्हणजे फोन आपल्या मालकाला ओळखत नव्हता.

दुकानाचा मालक युवराज याने फोन उचलला, उलटा केला, सुलटा केला. त्याचा चेहरा उतरला. “बीटा गेलंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “जुन्या आवृत्तीवर आलाय. सगळं पुसलंय.”

हे वाक्य किती भयंकर आहे, ते कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. फोनची कंपनी नवीन अपडेट तयार करते तेव्हा ते पूर्ण शिजायच्या आधीच थोड्या हौशी लोकांना वाढून बघते. त्याला बीटा म्हणतात. कुणाच्या पोटात दुखतं ते बघून मग बाकीची पंगत बसते. एकदा वाढलेलं परत करून जुन्या आवृत्तीवर यायचं, तर फोन पूर्ण पुसावा लागतो. त्यातही बंद बीटा म्हणजे कंपनीने स्वतः आमंत्रण देऊन बोलावलेली माणसं. अख्ख्या सोलापुरातून असं आमंत्रण एकट्या अनिलकुमारला आलं होतं. अनिलकुमार टॉवेलचा ठोक व्यापारी. त्याला कोणी मुंजीलासुद्धा आठवणीने बोलावत नसे.

या बीटाच्या भक्तांचा एक व्हॉट्सअॅप गट होता, ‘बीटा बांधव’. त्यात एक भगिनीही होती आणि गटाची ॲडमिन तीच होती, पण नावावरून वाद झाला तेव्हा बांधव बहुमतात होते. दर रविवारी संध्याकाळी ही मंडळी आरोही मोबाईलमध्ये जमत आणि बॅटरी, कॅमेरा, ॲनिमेशन अशा विषयांवर बोलत. कुणाला अपडेट आलं की सगळे ‘अभिनंदन’ लिहीत, हात जोडल्याचं चित्र टाकत आणि मग आपापल्या घरी जाऊन ‘अपडेट तपासा’ या बटणाला बोचकारत बसत.

“सगळं गेलं तरी चाललं असतं बे,” अनिलकुमारचा आवाज फुटला. “माझ्या वडलांचा, अप्पांचा फोटो होता यात! गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेललेला. तेवढाच एक फोटो. आता अप्पा पण नाहीत आणि फोटो पण नाही.”

दुकानात गिऱ्हाइकं होती. एक बाई फोनची बॅटरी बदलायला आल्या होत्या. त्यांनी युवराजकडे पाहिलं, ‘नमस्कार’ म्हणणाऱ्या त्या फोनकडे पाहिलं आणि काउंटरवर ठेवलेला आपला फोन गुपचूप उचलून पर्समध्ये टाकला.

“नंतर येते,” त्या म्हणाल्या.

त्या नंतर येणार नव्हत्या, हे दुकानातल्या सगळ्यांना कळलं.

२

दुकानाच्या बाकावर हे सगळं पाहत महिपती बसला होता.

महिपती मूळचा करकंबचा. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्याची नोकरीची सगळी वर्षं गेली. जळालेली दुकानं, बुडालेल्या मोटारी, चोरीला गेलेली पण चुलतभावाच्या गोठ्यात सापडलेली मोटारसायकल, असं सगळं पाहून तो निवृत्त झाला होता. आता रोज युवराजच्या बाकावर बसून पेपर वाचायचा. बीटा बांधवांत तोही होता, पण त्याच्या फोनला कंपनीने कधीच शेवटचं अपडेट पाठवून हात जोडले होते. त्यामुळे तो गटातल्या सगळ्यांवर जळायचा. सगळ्यांवर सारखाच जळत असल्यामुळे तो अगदी निःपक्षपाती होता.

मंगळवारी दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही. बुधवारी एकजण आला, तोही दुरुस्तीला टाकलेला फोन तसाच परत न्यायला.

“आबा,” युवराज म्हणाला, “मी जेऊरवरनं आलो तवा माज्याकडं एक स्क्रू ड्रायव्हर आन एक स्टूल होतं. लोकं फोन देतात म्हंजे काय देतात? बायकोचे फोटो, बँकेचा नंबर, भावाबरोबरची भांडणं, सगळं देतात. भरवशावर. तो गेला की मी काय विकायचं, कव्हर?” मग त्याने वर बोर्डाकडे पाहिलं. “लेकीचं नाव हाय बोर्डावर. शाळेत पोरी विचारत्यात तिला, तुझ्या पप्पांनी मेलेल्या माणसाचा फोटो पुसला का म्हून.”

महिपतीने पेपरची घडी केली. “तू पुसला का?”

“आबा!”

“इचारावं लागतं. सवय हाय.”

“न्हाय पुसला. आईच्यान.”

“पण जळत हुतास की न्हाय त्याच्यावर?”

युवराजने काचेखाली मांडलेला एक चार्जर उगाच सरळ केला. “आबा, मी मोबाईलचा धंदा करतो. पेठेत निम्म्या लोकांना अपडेट मारून मी देतो. आन आमंत्रण कुणाला? टॉवेलवाल्याला! शाळेत हा माज्या मागच्या बाकावर बसायचा, माझं बघून लिवायचा. जळणार न्हाय तर काय करणार? पार कोळसा झाला हुता माझा. पण म्हून त्याचा फोन पुसू?”

“बरं. रविवारपासून सांग.”

“रविवारी सगळे हितंच हुते. अनिल म्हणाला, काच बदलून दे. जुनी काच चांगली हुती, ओरखडासुदिक न्हवता. तरी म्हणाला, बदल. टच बघायला कुलूप काढून दिलं, नंबर बी सांगितला. मग सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. उत्कर्षा मॅडमनी बघितला, शिवयोगीनं तर लई वेळ. मग अनिल फोन हितंच ठिवून गेला, गोंद वाळायचा हुता. सोमवारी सकाळी आला. मी म्हटलं, चालू कर, टच बघून घे. तर म्हणाला, ऱ्हाऊ दे, बंदच दे. खिशात टाकला, गेला. दुपारी बोंबलतच आला.”

“बंदच दे म्हणाला?”

“व्हय.”

महिपतीने चष्मा पुसला. अनिलकुमारने आपला फोन पानवाल्याला दाखवला होता, रिक्षावाल्याला दाखवला होता, दाढी करताना न्हाव्याला वस्तरा थांबवून दाखवला होता. तो माणूस नवी काच लावलेला फोन न बघता खिशात टाकतो?

“मी एक सांगतो,” महिपती उठत म्हणाला. “दुकान जळालं की सगळे बघत्यात काय जळलं. मी ते बघत न्हाय. मी बघतो काय वाचलं.”

“म्हंजे?”

“म्हंजे मला अजून म्हाईत न्हाय,” महिपती म्हणाला आणि चपला घालून चालू लागला.

३

उत्कर्षा कॉलेजात संगणक शिकवत असे. बीटातल्या चुका शोधून कंपनीला लांबलचक अहवाल पाठवण्याचा तिला छंद होता. कंपनी प्रत्येक अहवालाला ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ असं उत्तर द्यायची. ती सगळी उत्तरं तिने जपून ठेवली होती.

“काका, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?” तिने चहा ठेवत विचारलं.

“घेऊ का?”

“घ्या. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको झालाय. एवढे अहवाल मी लिहिले आणि निवडला कोणाला? ज्याला ‘सेटिंग’ आणि ‘सेटिंग लावणं’ यातला फरक माहीत नाही त्याला! मी रविवारी तो फोन हातात घेतला ना, तर परत द्यावासाच वाटेना.” ती थांबली. “पण मला त्याचा फोन पुसायचा नव्हता, काका. मला तो फोन हवा होता. पुसून मला काय मिळणार? त्याची जागा रिकामी झाली म्हणून कंपनी मला थोडीच बोलावते?”

महिपतीने बशीत चहा ओतला. हे त्याला पटलं. चोर वस्तू नेतो, वस्तू फोडून ठेवत नाही.

“उलट मला तर कीवच येत होती,” उत्कर्षा पुढे म्हणाली. “त्याने एकदासुद्धा चूक कळवली नाही. विचारलं की म्हणायचा, काही त्रास नाही, लोण्यासारखं चालतंय. काका, ही बंद बीटा आहे. बाकीच्या शहरांतले लोक फोरमवर रडताहेत. कुणाची बँक चालत नाही, कुणाला रिंग ऐकू येत नाही. आणि याचं लोण्यासारखं! बीटात चूक नाही म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतो, नाही तर फोन वापरत नाही.”

“तो वापरत न्हाय असं तर न्हाय.”

“मग उरलं काय?” ती म्हणाली.

महिपती उठला. दारापर्यंत गेल्यावर उत्कर्षाने त्याला हाक मारली. “काका, शिवयोगीला भेटा. सोमवारपासून तो गटात एक शब्द लिहीत नाही. आणि तो माणूस कुणाच्या वाढदिवसालासुद्धा बॅटरीची आकडेवारी टाकतो.”

४

शिवयोगीचं औषधांचं दुकान होतं. महिपती आत शिरला तेव्हा शिवयोगीच्या अंगठ्याचं काम चालू होतं. ‘अपडेट तपासा’ दाबायचं, गोल फिरणारं चक्र बघायचं, ‘आपला फोन अद्ययावत आहे’ वाचून सुस्कारा टाकायचा, पुन्हा दाबायचं.

“आबा,” महिपतीला बघताच तो पांढरा पडला, “मीच केलं.”

महिपती स्टुलावर बसला. इतक्या लवकर कोणी कबूल होतं, हे त्याच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्याला थोडी निराशाच वाटली.

“काय केलंस?”

“फोन हातात होता. कुणाचं लक्ष नव्हतं. काउंटरवर ठेवला आणि माझा फोन काढला आणि…” शिवयोगीने खाली मान घातली. “फोटो काढले.”

“कशाचे?”

“त्याच्या फोनच्या पडद्याचे. आणि पुण्याला मेव्हण्याला पाठवले. माझ्या फोनवर आलंय म्हणून.”

“मेव्हणा, आबा, दर नव्या फोनचा फोटो मला पाठवतो. प्रत्येक दिवाळीला. बायको म्हणते, बघा दादाचा फोन बघा. एकदा तरी त्याची झोप उडावी असं वाटलं. उडाली बरं का. ‘तुला कसं आलं’ म्हणून लगेच फोन आला त्याचा.” क्षणभर शिवयोगीचा चेहरा उजळला आणि परत विझला. “पण कुठं चुकीचं बटण तर दाबलं नाही ना मी? त्यामुळे पुसला गेला असेल का? या विचाराने माझं जेवण गेलंय.”

“फोटो बघू.”

फोटो चांगले होते. काउंटरवर अनिलकुमारचा फोन, बाजूला युवराजची चिमटी, कोपऱ्यात उत्कर्षाची कोपरं. महिपतीने बोटांनी चित्र मोठं केलं. त्याचा फोन जुना असला तरी हे त्याला येत होतं. पडद्याच्या वरच्या भागात एक ओळ होती. ‘श्रीदेवी, सुटलेले कॉल’. आणि पुढच्या फोटोत त्याच ओळीत आणखी कॉलांची भर पडली होती.

“श्रीदेवी म्हंजे अनिलची बायको?”

“हो.”

“हे फोटो तू काढत हुतास तवाच ती फोन करत हुती?”

“असंच दिसतंय की.”

“तुमी सगळे फोनभवती बसला हुता.”

“हो.”

“मग तो वाजला कसा न्हाय?”

शिवयोगीचा अंगठा सवयीने ‘अपडेट तपासा’कडे गेला होता, तो तिथेच थांबला.

५

अनिलकुमारच्या घरी श्रीदेवी एकटी होती. तिने महिपतीला पाट, पाणी आणि शेंगाच्या चटणीबरोबर कडक भाकरी दिली. ती अक्कलकोटकडची, रागावली की मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायची.

“फोन वाजत नाही का त्यांचा? मला काय विचारता,” ती म्हणाली. “नवीन झाल्यापासून माझा एक फोन लागला नाही. म्हणजे लागतो, पण ते घेत नाहीत. विचारलं की म्हणतात नेटवर्क नव्हतं. मागच्या आठवड्यात माझी आई आली होती अक्कलकोटहून, काशम्मा, तुम्ही बघितलंय ना. तिचा गुडघा दुखतो. एसटी स्टँडवर आम्ही दोघी बसून राहिलो, मी फोन करते, करते, करते. शेवटी रिक्षाने आलो. हे दुकानात बसून टॉवेल मोजत होते! मी म्हटलं, येनाय्तु, काय झालं तुम्हाला? तर म्हणाले नेटवर्क.”

“मग?”

“मग मी बोलणं सोडलं.” तिने भाकरीचा डबा जरा जोरात बंद केला. “त्या फोनला रोज काही तरी नवीन येतं म्हणे. मला काही नवीन येत नाही, म्हणून माझ्याकडे बघायचं कारण नसेल. उशाशी तो, जेवताना तो. दुकानात पैसे द्यायचे तर त्यातून तेवढं होत नाही, तिथे मात्र म्हणतात श्रीदेवी तू स्कॅन कर, माझं बँकेचं चालत नाही. एवढा कौतुकाचा फोन आणि पैसे माझ्या जुन्या डबड्यातून.”

महिपती भाकरी चावत ऐकत होता.

“आता पुसला गेला ते बरंच झालं,” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे वाईटच झालं. पण सोमवारपासून फोन उचलतात बघा. पहिल्याच रिंगला.”

“रविवारी तुमी लई फोन केले त्यास्नी.”

“फ्रेम आणली का विचारायला.”

“फ्रेम?”

“मामांच्या फोटोची. किती महिने मी यांच्या मागे लागले होते, नंदीध्वजाचा फोटो प्रिंट करून आणा. आणतो, आणतो म्हणायचे. रविवारी रात्रीच्या जेवणाआधी आणली एकदाची. या ना, बघा.”

ती त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर नवी कोरी फ्रेम होती आणि तिच्यावर चंदनाचा हार. आत पांढरी बाराबंदी घातलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, खांद्याशी नंदीध्वजाची उंच काठी पेललेले अनिलकुमारचे वडील मडिवाळप्पा हसत होते.

“नशीब बघा,” श्रीदेवी पदराने फ्रेमची काच पुसत म्हणाली. “एक दिवस उशीर झाला असता तर हाही गेला असता.”

महिपतीने फोटोला हात जोडले. हात जोडून झाल्यावरही तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

६

पुढच्या रविवारी महिपतीने सगळ्यांना आरोही मोबाईलमध्ये बोलावलं. त्याने शटर अर्धंही ओढू दिलं नाही. “उघडं ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “आळ उघड्यावर घेतलाय.”

रस्त्यावरच्या दोघातिघांनी चार्जर बघण्याचं निमित्त करून आत मान घातली. बॅटरीवाल्या बाईही शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात बांगडी निवडत उभ्या होत्या आणि मुळीच ऐकत नव्हत्या.

“करकंबात एक कापड दुकान जळालं हुतं,” महिपती बाकावरूनच म्हणाला. “मालक लई रडला. म्हणाला, साहेब, माल गेला त्याचं काय न्हाय, माज्या देवाचा फोटो गेला. वडलांच्या हातचा. ते ऐकून गावातल्या बाया रडल्या. मी बी रडलो. मग त्याच्या घरी पाणी प्यायला गेलो, तर फोटो देव्हाऱ्यात.”

अनिलकुमार काउंटरला टेकून उभा होता. तो सरळ झाला.

“माणूस आपलं दुकान पेटवू शकतो,” महिपती म्हणाला. “पण देव पेटवायला हात धजत न्हाय. आदी तो बाहेर काढतो. आन मग नेमका त्याच्याच नावानं रडतो, कारण तेच सगळ्यात खरं वाटतं. परक्यानं आग लावली असती तर त्यानं देव काढून घरी पोचवला असता का?”

“आबा, याचा माझ्या फोनशी काय संबंध?”

“अनिलशेठ, तुमच्या घरी अप्पांच्या पाया पडून आलो. फ्रेम चांगली हाय.”

बांगड्यांच्या दुकानातला किणकिणाट थांबला.

“फोटो गेला म्हून सोमवारी हितं रडलासा,” महिपतीने पुढे सांगितलं. “तो रविवारीच भिंतीवर हुता. काच चांगली असून बदलायला दिली, कारण फोन दुसऱ्याच्या हातात गेला पायजे हुता. सोमवारी तो बंदच घेतला, कारण सगळ्यांदेखत चालू केला असता तर बीटा जागच्या जागी दिसलं असतं. आपल्या टॉवेलच्या दुकानात जाऊन पडद्याआड बसून पुसला. आन का, तर तो वाजत न्हवता. शिवयोगीच्या फोटोत बायकोचे फोन येत्यात आन तुमी सगळे तितं बसून एकाला बी ऐकू येत न्हाय. बँक चालत न्हवती. सासूबाई स्टँडवर बसून ऱ्हायल्या. लोण्यासारखं काय चालत हुतं, अनिलशेठ?”

अनिलकुमारने उत्कर्षाकडे पाहिलं, शिवयोगीकडे पाहिलं. युवराजकडे मात्र त्याला पाहता येईना.

“काहीच नाही,” तो म्हणाला. “दोन आठवड्यांत वैतागलो होतो. कॅमेरा उघडला की टॉर्च लागायचा.”

“मग परत जायचं ना जुन्यावर!” उत्कर्षा ओरडली. “आम्ही सगळे जातो! चूक कळवायची आणि जायचं!”

“आणि तुम्हाला काय सांगू?” अनिलकुमारचा आवाज चढला. “मॅडम, तुम्ही माझ्याकडे बघून दात खायच्या. शिवयोगी माझा फोन हातात घ्यायला रांगेत उभा राहायचा. हा युवराज, शाळेत याची वही बघून मी पास झालो. सगळा वर्ग याच्यावर जळायचा, सगळ्यात जास्त मी. आयुष्यात पहिल्यांदा हा माझ्यावर जळत होता बे! माझ्यावर! टॉवेल विकणाऱ्यावर कोण जळतं? मी स्वतः बीटा काढलं असतं तर सोमवारी संपलं असतं सगळं. पण कोणीतरी जळून मुद्दाम पुसलं म्हटल्यावर…” तो अडखळला. “म्हटल्यावर ते तसंच राहिलं असतं.”

“माझं दुकान बसलं असतं त्यात,” युवराज म्हणाला.

“ते मी… तेवढं पुढचं मी बघितलं नाही.”

“बघून लिवायची सवय तुला,” युवराज म्हणाला. “पुढचं कुणी दाखवलं न्हाय की असंच होतं.”

अनिलकुमार खाली मान घालून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता युवराज काउंटर ओलांडून येतो. तो आलाही. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही तरी भलतंच होतं. मोठा धक्का बसलेल्या माणसासारखे त्याचे डोळे झाले होते.

“म्हंजे फोन वाजतच न्हवता?”

“नाही.”

“आन बँक बी न्हाय?”

“नाही.”

“आन मी इतके दिवस त्याच्यावर जळत हुतो?” युवराज बाकावर मटकन बसला. “आबा, माझं एवढं जळणं फुकट गेलं की! जेवण जात न्हवतं. आरोहीची आई म्हणायची, डॉक्टरला दाखवा. कशावर जळलो मी? टॉर्च लागणाऱ्या कॅमेऱ्यावर?”

“माझंसुद्धा,” उत्कर्षा कडवटपणे म्हणाली.

“मी तर मेव्हण्यालाही त्यावर जाळलं,” शिवयोगी म्हणाला.

दुकानात दुःखाची अशी लाट पसरली की खोट्या आळाचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. महिपतीने मात्र लक्षात ठेवलं होतं. त्याने अनिलकुमारकडे पाहून फक्त काउंटरकडे बोट केलं.

अनिलकुमारने खिशातून फोन काढला. कुलूप उघडलं आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “युवराज, हा माझा फोन. मीच पुसला होता, तू नाही. यात आता बायकोचे फोटो आहेत, बँक आहे, सगळं आहे. ठेव तुझ्याकडे उद्यापर्यंत. काच वाकडी बसलीय.”

“काच वाकडी न्हाय बसलेली,” युवराज म्हणाला. पण त्याने फोन घेतला.

“मग असाच ठेव,” अनिलकुमार म्हणाला. “श्रीदेवीला मी जाऊनच सांगतो.”

बॅटरीवाल्या बाई बांगडी न घेताच बाहेर आल्या, आरोही मोबाईलच्या पायरीवर क्षणभर थांबल्या आणि पर्स उघडून त्यांनी आपला फोन काउंटरवर अनिलकुमारच्या फोनशेजारी ठेवला.

“फुगलीय बॅटरी,” त्या म्हणाल्या. “फोटो मात्र जपा हं.”

“जपतो, मावशी,” युवराज म्हणाला. त्याने तो फोन दोन्ही हातांनी उचलला.

७

बुधवारी दुकानात परत गर्दी झाली. महिपती बाकावर पेपर वाचत होता. युवराज भिंगातून कुणाच्या तरी फोनचं पोट बघत होता, तेवढ्यात त्याचा स्वतःचा फोन कुणकुणला. त्याने नुसती नजर टाकली आणि चिमटी हातातून खाली पडली.

“आबा.”

“काय?”

“आमंत्रण.”

कंपनीने कळवलं होतं की आपल्या शहरातली एक जागा रिकामी झाल्यामुळे बंद बीटासाठी आपली निवड होत आहे. खाली दोन बटणं होती. ‘आता स्थापित करा’ आणि ‘नंतर’.

युवराजचा अंगठा पहिल्या बटणाच्या वर येऊन थांबला. रिंग वाजणार नव्हती. बँक चालणार नव्हती. दुकानात सकाळपासून गिऱ्हाइकांचे फोन येत होते, ते सगळे गप्प होणार होते. अंगठा तसाच हवेत राहिला. महिपती पेपरच्या वरून बघत होता. त्याने पेपरची कड मुठीत चुरगळली, कारण ते आमंत्रण त्याला आलं नव्हतं.

युवराजने ‘नंतर’ दाबलं.

“शाणा झालास,” महिपती म्हणाला.

“व्हय,” युवराज म्हणाला. पण दाबण्याआधी त्याने पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. तो त्याने आता ‘बीटा बांधव’वर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमंत्रण आलंय. बघू.’

दोन मिनिटांनी उत्कर्षाचं ‘अभिनंदन’ आलं. शिवयोगीचं आलं, हात जोडलेल्या चित्रासकट. शेवटी, बऱ्याच वेळाने, अनिलकुमारचं आलं.

लगेच दुकानातला फोन वाजला. पलीकडे श्रीदेवी होती.

“युवराजभाऊ,” ती म्हणाली, “यांना काय झालंय बघा ना. ताट पुढ्यात आहे, हात धुतलेत, आणि जेवतच नाहीत. नुसते मोबाईलकडे बघतायत.”

“काय न्हाय वैनी,” युवराज म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली. “हुईल बरं. वेळ लागतो.”